डावीकडे एक, उजवीकडे दुसरी : एका आरसी टूरिंग कारच्या जुळणीचे प्रकरण

एक दशांश प्रमाणाची, स्पर्धेच्या दर्जाची विद्युत आरसी टूरिंग कार, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी शर्यतगाडी, सुट्या भागांच्या किटमधून जुळवण्यात आली होती. तिला उजवे वळण आणि डावे वळण सारखे घेता येत नव्हते. जुळणीकार अनुभवी होते, सूचनापुस्तिका त्यांनी पानापानाने पाळली होती आणि गाडीच्या चारही चाकांखालचे वजनही तराजूवर जुळवून घेतले होते. तरीही उजव्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडीचा मागचा भाग निसटत असे. डाव्या वळणात तीच गाडी शहाण्यासारखी वागे. तराजू समतोल दाखवत होता आणि ट्रॅकवर तो दिसत नव्हता. ही विसंगती घेऊन गाडी माझ्याकडे तपासणीसाठी आली. तपासणीत एकामागे एक दडलेले दोन दोष सापडले, आणि दोन्ही दोषांवर जुळणीच्या काळातच पांघरूण पडले होते, असे दिसून आले.

गाडी आणि तिची जुळणी

या वर्गातील गाड्यांची रुंदी साधारण १९० मिलिमीटर असते आणि अनेक स्पर्धांच्या नियमांत किमान वजन १३२० ग्रॅम धरलेले असते. प्रस्तुत गाडी बॉडीशेल वगळता सर्व सामग्रीसह १३२६ ग्रॅम भरत होती. चॅसिस कार्बन फायबरच्या सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाड पट्टीची होती. तिच्यावर ॲल्युमिनियमचे उभे आधार, म्हणजे बल्कहेड, होते आणि बल्कहेडना वरून जोडणारी पातळ टॉप डेक होती. मोटर उजवीकडे, दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी डावीकडे आणि मधल्या पुलीवरून पुढे व मागे जाणारे दोन पट्टे, अशी नेहमीची मांडणी होती. पुढे दोन्ही चाके एकत्र फिरवणारा स्पूल होता आणि मागे सिलिकॉन तेलाने भरलेला गिअर डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) होता. पट्ट्यांकडून होणारी वेगाची घट १.९ पट होती. ९६ दातांचा स्पर (मोठे दंतचक्र) आणि ४१ दातांचा पिनियन (मोटरवरचे छोटे दंतचक्र) मिळून अंतिम गुणोत्तर ४.४५ च्या आसपास येत होते.

जुळणीचा बहुतेक भाग निर्दोष होता. डिफमध्ये तेल आडव्या पिना जेमतेम बुडतील इतपत भरलेले होते आणि झाकण बसवल्यावर संपूर्ण डिफचे वजन टिपून ठेवलेले होते. पुढच्या वेळी तेल बदलताना तेवढेच तेल पडले की नाही, हे त्यावरून कळते. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक होते आणि प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या एकालाही नव्हते. कार्बनच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घासून त्यांवर पातळ सुपरग्लू फिरवलेला होता. ओला पेपर वापरण्याचे कारण असे की कार्बनची कोरडी धूळ श्वासात जाऊ देणे धोक्याचे असते. टर्नबकल (फिरवून लांबी बदलता येणारे दुवे) चारही कोपऱ्यांत एकाच दिशेने बसवलेले होते, म्हणजे गाडीकडे पाहताना पाना कोणत्या बाजूला फिरवायचा याचा विचार करावा लागत नाही. शॉक ॲब्सॉर्बरची लांबी कॅलिपरने जोडीजोडीने जुळवलेली होती आणि दांडा आत ढकलून सोडल्यावर चारही शॉक सारख्याच संथपणे थोडेसे परत येत होते. असा हात असलेल्या माणसाची गाडी एका बाजूला बिघडावी, हे मला आधी पटले नाही.

तक्रारीचा इतिहास

गाडी प्रथम धावली तेव्हा तक्रार अधिक ठळक होती. डाव्या वळणात पुढची चाके ढकलली जात आणि गाडी रुंद जाई, तर उजव्या वळणात मागचा भाग सुटे. जुळणीकारांनी ती चार तराजूंवर ठेवली. तेव्हा पुढचे डावे चाक ३१८, पुढचे उजवे ३३८, मागचे डावे ३४६ आणि मागचे उजवे ३२४ ग्रॅम अशी नोंद मिळाली. डावी बाजू ६६४ आणि उजवी ६६२, म्हणजे बाजूंचा तोल उत्तम होता. कर्णांचा हिशेब मात्र वेगळा होता. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ६८४, तर दुसरा कर्ण ६४२. फरक ४२ ग्रॅमचा होता.

ही नोंद आणि ट्रॅकवरचे वागणे यांचा मेळ बसतो. डाव्या वळणात भार उजवीकडे जातो. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक आधीच जड असेल, तर पुढच्या जोडीतला भारातला फरक वाढतो आणि मागच्या जोडीतला कमी होतो. परिणामी पुढची पकड घटते, मागची वाढते आणि गाडी रुंद जाते. उजव्या वळणात याच्या नेमके उलट घडते. असमान पायांचा चौरंग जसा दोन कर्णांवर डुगडुगतो, तशीच ही स्थिती असते. गाडीला स्प्रिंगा असल्यामुळे ती डुगडुगत नाही, एवढाच फरक. भार मात्र दोन पायांवर जास्त पडतो.

जुळणीकारांनी निदान केले की चॅसिसला पीळ आहे. स्प्रिंगांच्या कॉलर (स्प्रिंग किती दाबलेली राहील ते ठरवणाऱ्या कड्या) फिरवून त्यांनी तो पीळ वजनापुरता मारून टाकला. तराजूवर फरक ४ ग्रॅमवर आला. ट्रॅकवर डावे वळण सुधारले, उजव्या वळणातली तक्रार मात्र उरली. शिवाय ती आता अनियमित झाली होती. गुळगुळीत, लांब वळणात ती कधी दिसेही ना, आणि खडबडीत भागात किंवा डावीकडून एकदम उजवीकडे गाडी वळवावी लागे तिथे ती हमखास येई. त्यावर उपाय म्हणून मागच्या दोन्ही स्प्रिंगा एक पायरी मऊ केल्या गेल्या आणि डिफमधले तेल ७००० वरून ५००० सेंटिस्टोकवर आणले गेले. मागची पकड सगळीकडेच थोडी वाढली, पण दोन वळणांतला फरक तसाच राहिला. तो राहणारच होता. डावी-उजवीकडे सारखा केलेला बदल डाव्या-उजव्यातला फरक घालवू शकत नाही. ही साधी गोष्ट ट्रॅकच्या कडेला उभे असताना सुचत नाही, कारण तिथे हाताशी स्प्रिंगांचा डबा असतो आणि पुढच्या फेरीला वेळ थोडा असतो.

तपासणी

संशयितांची यादी आधी अदलाबदलीने लहान केली. मागची चाके डावी-उजवीकडे बदलली, मग मागचे शॉक बदलले. दोन्ही वेळा तक्रार उजव्या वळणातच राहिली, त्यामुळे टायर आणि शॉक दोषमुक्त ठरले. पुढच्या चाकांचा वळण्याचा कोन दोन्ही बाजूंना सारखा होता, म्हणजे सर्व्होच्या (पुढची चाके वळवणाऱ्या मोटरच्या) मर्यादाही बरोबर लावलेल्या होत्या. अँटी-रोल बारचे (वळणात गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याचे) दुवे सोडवून गाडी पुन्हा तराजूवर ठेवली, तेव्हा आकडे हलले नाहीत. हे खरे तर कर्णभार जुळवण्यापूर्वीच करायचे असते, कारण एका बाजूचा दुवा आटाभर लांब असला तरी बार स्वतःच गाडीला पीळ देतो. इथे तसे काही नव्हते.

मग तराजूवरचा एक प्रयोग केला आणि प्रकरणाला दिशा मिळाली. जुळणीकार गाडी नेहमी दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवत आणि आकडा वाचत. तशी ठेवली असता ३२७, ३२८, ३३७ आणि ३३४ असे आकडे आले, म्हणजे त्यांच्या नोंदीप्रमाणेच. त्यानंतर गाडीला स्पर्श न करता आकडे वाचण्याऐवजी मी ती बॉडीच्या खांबांमधून तळहाताने सरळ खाली दाबली आणि हळूच सोडली. आता पुढचे डावे ३३६, पुढचे उजवे ३१९, मागचे डावे ३२८ आणि मागचे उजवे ३४३ भरले. एकूण वजन तेच होते, बाजूंचे वजन तेच होते, आणि तरी कर्णांमधला फरक ४ ग्रॅमवरून उलट्या दिशेने ३२ ग्रॅमवर गेला होता. गाडी उचलून पुन्हा अलगद ठेवली की पहिले आकडे परत येत.

स्प्रिंगांवर उभी असलेली निरोगी गाडी कशीही ठेवली तरी थोड्याफार फरकाने त्याच जागी येऊन थांबते. ती वरून येताना एका उंचीवर आणि खालून येताना दुसऱ्या उंचीवर थांबत असेल, तर कुठेतरी घर्षण स्प्रिंगेवर मात करत आहे असे समजावे. वरून ठेवताना अडणारे आर्म (चाकाला चॅसिसशी जोडणारा हलता हात) दबायला नाखूश असते, त्यामुळे त्या चाकावर जास्त भार दिसतो. दाबून सोडल्यावर तेच आर्म परत उघडायला नाखूश असते आणि भार कमी दिसतो. इथे अडणारा कोपरा मागचा डावा किंवा त्याच्या कर्णावरचा पुढचा उजवा असू शकत होता. आकड्यांवरून या दोहोंत निवड करता येत नाही, कारण चार पायांच्या गाडीत एका कोपऱ्यातला बदल कर्णावरच्या कोपऱ्यातही तितकाच उमटतो. ट्रॅकवरची तक्रार मागच्या भागाची होती. उजव्या वळणात भार मागच्या डाव्या चाकावर येतो, म्हणून तिथून सुरुवात केली.

शॉक काढले आणि कॅम्बर लिंक (चाकाचा उभा कल ठरवणारे दुवे) सोडवल्या. अशा अवस्थेत गाडी हातात धरून आर्म वर उचलून सोडले की ते स्वतःच्या वजनाने पडले पाहिजे. चारही आर्म पडले, मागचे डावेही. जुळणीकारांनी हीच चाचणी जुळणीच्या वेळी केली होती आणि ती उत्तीर्ण झाली होती. पण चालत्या गाडीत आर्म मोकळे लटकत नसते. थ्रॉटल दिला की चाक त्याला पुढे ढकलते आणि ब्रेक लावला की मागे खेचते. म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी हबला (आर्मच्या टोकाच्या, चाक धरणाऱ्या भागाला) पुढच्या दिशेने हलका दाब देऊन उजव्या हाताने आर्म वरखाली केले. तीन कोपऱ्यांत काही फरक पडला नाही. मागचे डावे आर्म मात्र प्रवासाच्या मध्यावर अडले, आणि दाब काढताच टपकन खाली आले. त्याखेरीज त्याच आर्मच्या टोकाला, हब धरून हलवल्यावर, इतर तिघांपेक्षा स्पष्ट जास्त ढिलेपणा होता. अडणे आणि ढिले असणे या दोन्ही गोष्टी एकाच आर्ममध्ये होत्या.

ढिलेपणाचा खुलासा जुळणीकारांनीच केला. जुळणीच्या वेळी चारपैकी हे एकच आर्म घट्ट फिरत होते. त्यामुळे त्यांनी त्याच्या भोकातून तीन मिलिमीटरचा रीमर (भोक रुंद करणारे हत्यार) फिरवला, आणि ते मोकळे पडेपर्यंत फिरवत राहिले. रीमर वापरण्यात गैर काही नाही. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या भोकात थोडी कसर असतेच, आणि पुस्तिकाही अनेकदा तो वापरायला सांगते. परंतु चार सारख्या आर्मपैकी तीन विनातक्रार पडत असतील आणि चौथ्याला पुन्हा पुन्हा रीमर लागत असेल, तर दोष आर्मच्या भोकात असण्यापेक्षा, आर्म जिच्यावर फिरते त्या पिनेच्या मार्गात असण्याचा संभव जास्त.

पीन काढून काचेवर लोळवली. ती सरळ होती. मग ज्या दोन ब्लॉकमध्ये पिनेची टोके बसतात, त्यांकडे वळलो. आधुनिक टूरिंग कारमध्ये या ब्लॉकमध्ये लहान प्लॅस्टिकच्या बुश असतात आणि त्यांचे भोक मध्यापासून किंचित सरकवलेले असते. बुश कोणत्या बाजूने बसवली यावर पिनेची उंची आणि बाहेरचे अंतर ठरते, आणि त्यातून टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन), आर्मचा कल आणि थ्रॉटलखाली मागचा भाग किती दबतो, हे सारे ठरते. या सोयीमुळे एकाच ब्लॉकमधून अनेक मांडण्या मिळतात. त्याच सोयीमुळे चूक करण्याच्या जागाही वाढतात. बुशवरची खूण म्हणजे नखाच्या टोकाएवढा ठिपका असतो, तो काळ्या प्लॅस्टिकवर काळाच असतो, आणि पुस्तिकेतली आकृती गाडीच्या मागून पाहिलेली आहे की पुढून, हे दर पानाला वेगळे असू शकते.

मागच्या उजव्या बाजूला दोन्ही बुशांची भोके एकाच उंचीवर होती. डाव्या बाजूला पुढची बुश बरोबर होती, पण मागच्या बुशचा ठिपका वर होता. म्हणजे पिनेचे मागचे टोक पुढच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर उंच बसले होते. दोन ब्लॉकमधले अंतर साधारण ४५ मिलिमीटर असल्याने पीन अर्ध्या अंशाहून थोडी अधिक कलली होती. तेवढा कल दोन्ही बाजूंना मुद्दाम दिला जातो आणि तो काही दोष नाही. मात्र तसा कल देण्यासाठी बनवलेल्या किटमध्ये बुशचे भोक पिनेला फिरू देणारे असते, किंवा दोन्ही टोकांना जुळणारी बुश दिलेली असते. इथे भोक सरळ होते, पीन त्यात तिरकी घुसवलेली होती, आणि आर्मच्या दोन्ही कडांवरचे शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) ब्लॉकच्या पृष्ठभागावर एका कडेने घासत होते. शिमवर चंद्रकोरीसारखा एकाच बाजूला चकाकणारा ओरखडा पडलेला होता. भिंगाखाली तो पाहिल्यावर शंका उरली नाही.

दुसरा दोष आणि दुरुस्ती

बुश फिरवून बसवली. रीमरने रुंद झालेले आर्म टाकून नवे लावले, कारण पीन सरळ झाल्यावर जुन्या भोकात ती खुळखुळली असती आणि चाकाचा टो भाराखाली बदलत राहिला असता. नवे आर्म रीमर न लावता आपोआप पडले. त्यानंतर चारही स्प्रिंगांच्या कॉलर पुन्हा समान केल्या, म्हणजे जुळणीकारांनी वजन जुळवण्यासाठी केलेली भरपाई काढून टाकली, आणि बार न जोडता गाडी तराजूवर ठेवली. अलगद ठेवली काय किंवा दाबून सोडली काय, आकड्यांत ४ ग्रॅमहून जास्त फरक पडेना. कर्णांमधला फरक मात्र १८ ग्रॅम होता, आणि तो मूळच्याच दिशेने होता.

याचा अर्थ जुळणीकारांचे पहिले निदान पूर्ण चुकीचे नव्हते. चॅसिसला पीळ होताच. त्यांनी मोजलेल्या ४२ ग्रॅमपैकी १८ ग्रॅम त्याचे होते. उरलेल्याचा बराच भाग अडणाऱ्या आर्मचा होता, आणि तो दिसला याचे कारण गाडी प्रत्येक वेळी वरूनच ठेवली जात होती. पण कॉलर फिरवताना सगळेच पिळाच्या खाती जमा झाले आणि सगळ्याचीच भरपाई केली गेली. त्यामुळे गाडी ठेवल्याजागी समतोल दिसे, आणि एखादा उंचवटा लागून मागचे डावे चाक दबून सुटले की कर्णभार उलट बाजूला झुके. पुढच्या उंचवट्यापर्यंत तो तसाच अडकून राही. तक्रार अनियमित का होती, याचा उलगडा इथे होतो.

पिळाची दुरुस्ती तुलनेने सोपी होती. चाके, शॉक आणि बॅटरी काढून चॅसिस जाड काचेवर ठेवली आणि टॉप डेकचे सर्व स्क्रू पाव फेरा ढिले केले. मधल्या भागावर बोटांनी दाब देताच एका कोपऱ्याखालचा कागद, जो आधी सहज निसटत होता, अडकला. त्या स्थितीत स्क्रू तिरक्या जोड्यांनी, थोडे थोडे करत पुन्हा आवळले. पुस्तिकेत या टप्प्याला एकच चित्र आणि स्क्रूंची लांबी एवढेच दिलेले असते. एका बाजूचे सगळे स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरी बाजू घेतली, की भोकांमधली नेहमीची सैल कसर एकाच दिशेला ढकलली जाते आणि टॉप डेक चॅसिसला त्या स्थितीत कायमची धरून ठेवते. कार्बनच्या चॅसिसला ॲल्युमिनियमच्या पट्टीपेक्षा जास्त लवचीकपणा असल्याने ती निमूटपणे पीळ घेते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. माझे मत असे की हे काम सपाट काचेवर न करता मांडीवर किंवा स्टँडवर करणाऱ्याने महागडे किट घेण्यात फारसा अर्थ नाही. साध्या गाडीच्या ढिल्या सांध्यांमध्ये पीळ विरून जातो, या गाडीत तो विरत नाही.

त्यानंतर आकडे ३२९, ३२६, ३३४ आणि ३३७ असे आले. कर्णांमधला फरक ६ ग्रॅम होता. तो कॉलरच्या जेमतेम हालचालीने मिटला आणि बार जोडल्यावरही तसाच मिटलेला राहिला. पीळ काढल्यामुळे आधी मापलेला ड्रूपही (आर्म खाली किती लटकू शकते ते माप) बिघडला होता, कारण ड्रूपचे स्क्रू चॅसिसवरच टेकतात. तो चारही कोपऱ्यांत नव्याने लावावा लागला. राइड हाइट, म्हणजे चॅसिसची जमिनीपासूनची उंची, ५.२ मिलिमीटरवर ठेवली.

ट्रॅकवर उजव्या वळणातून बाहेर पडताना मागचा भाग आता जागेवर राहतो, आणि खडबडीत पट्ट्यावरही दोन्ही दिशांना गाडी सारखीच वागते. मात्र तिला वळणात शिरताना दोन्हीकडे किंचित रुंद जाण्याची सवय दिसली. त्याचे कारणही उघड होते. नसलेल्या रोगावर दिलेल्या मऊ स्प्रिंगा तेव्हाही मागे बसलेल्या होत्या. जुळणीकारांनी त्या आता काढून किटमधल्या मूळ स्प्रिंगा लावल्या आहेत, आणि डिफमधल्या तेलाचा निर्णय त्या स्प्रिंगांवर गाडी धावल्यानंतर घ्यायचा असे ठरले आहे.